दुसऱ्या बॉयलरचं कवच उतरवण्याबाबत

मी, खाली निशाणी करणार चंद्रप्रभा, नांदेडच्या वजिराबादेत राहणारे जिनिंग-प्रेसिंगचे मालक बापूसाहेब हदगावकर यांची थोरली मुलगी, लग्न झालेलं नाही, वय वीस, पूर्ण होशोहवासात आहे. ताप आहे, पण अक्कल शाबूत आहे. हे करायला मला कोणी धमकावलं नाही, फुसलावलं नाही. उलट घरातलं प्रत्येक माणूस नको लिहू म्हणून सांगून राहिलं आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत असल्यामुळे मी बोलते आणि माझी धाकटी बहीण इंदू लिहिते. माझं सगळं शिक्षण सिकंदराबादेत इंग्रजीत झालं, म्हणून माझं मराठी बोलण्यातलंच आहे. ते तसंच उतरवायचं, पुस्तकी करायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे.

इंदू म्हणते, "अक्का, मरणाचं मी लिहिणार नाही."

मी म्हणाले, "मरणाचं नको लिहू. बॉयलरचं लिही."

मृत्युपत्रच का, ते आधी सांगते. गेले काही दिवस मी या खाटेवरून बाबांना, मुनिमांना, डॉक्टरांना, दूध घालायला येणाऱ्या माणसालासुद्धा एकच गोष्ट सांगून राहिले. सगळे मान हलवतात आणि कपाळाला हात लावून ताप बघतात. बोलणाऱ्या पोरीचं कोणी ऐकत नाही. मेलेल्या पोरीचा कागद मात्र सगळे मांडी घालून, पागोटं मांडीवर घेऊन ऐकतात. अडचण एकच आहे. असा कागद मेल्यावर वाचतात, आणि प्रेसच्या शेडमधल्या दुसऱ्या बॉयलरची भट्टी उद्या पांडवपंचमीच्या मुहूर्तावर पेटणार आहे. मी आजच्या आज मरेन याची हमी डॉक्टरही देत नाहीत.

म्हणून माझी पहिली अट. या कागदाला दोन साक्षीदार. एक माझे वडील बापूसाहेब, जे उद्या भट्टी पेटवायचा हुकूम देणार. दुसरा फायरमन शिवप्पा, जो ती पेटवणार. दोघांनी सही-अंगठा करण्याआधी हा कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत इंदूच्या तोंडून ऐकायचा. कायद्यात अशी सक्ती नाही, मला मालूम आहे. माझ्या मृत्युपत्रात आहे. बाबांनी काल माझ्या उशाशी बसून कबूल केलं, "प्रभा, तू म्हणशील तिथं सही करतो, पण आता गप पड." काय लिहिणार, ते विचारलं नाही. आता गप बसायची पाळी त्यांची.

कलम एक. घर, जिनिंग, प्रेस, हदगावची जमीन, यातलं काही माझं नाही आणि मी ते देतही नाही. माझं आहे ते स्त्रीधन. वारलेल्या आईच्या पाटल्या आणि गोठ, तिची बोरमाळ, आणि लातूरच्या रेणुकादासमामांनी दिलेल्या वस्तू. त्याच मी वाटून राहिले. हा कागद अंमलात आणायचा जिम्मा मामांवर. मामा, तुम्ही मला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून आमच्या घरात तुम्हाला लई बोलणी बसली. आता आणखी बसतील. तयार राहा.

कलम दोन. माझ्या खोलीत कोनाड्यात ठेवलेला लाकडी रेचा गंगम्माला परत द्यावा. तो तिचाच आहे. गंगम्मा म्हणजे मेलेल्या माणिकप्पाची आणि जित्या शिवप्पाची आई. दोघंही आमचे फायरमन. आमच्या पणजोबांनी मुंबईहून पहिला जिन आणला, त्याच्या आधी हदगाव, धर्माबादकडच्या बाया घरच्या ओसरीवर रेच्यानं कापूस वठत. दोन लाटा, एक मूठ. एका हातानं फिरवायचं, दुसऱ्या हातानं कापूस भरवायचा. इकडून रुई, तिकडं सरकी. गंगम्माच्या सासूनं तिला हा रेचा दिला, आणि तो हाताला बसायच्या आतच जिनाची शिट्टी झाली. मग ती आमच्या शेडमध्ये मजुरीला आली. मी शाळेतून सुट्टीला आले की जुन्या गोष्टी विचारून विचारून तिचं डोकं खात असे. शेवटी तिनं रेचाच आणून दिला.

मी विचारलं, "गंगम्मा, जिन आल्यावर तुला वाईट वाटलं?"

ती म्हणाली, "वाईट वाटाया वेळ कुठं व्हता, अक्का? जिन थांबत न्हाई. रेचा आपण थांबलं की थांबायचा."

शाळेत मी इंडस्ट्रियल रेव्होल्यूशनवर भाषण करून बक्षीस घेतलं होतं. त्यात मी सांगितलं की सूत कातणाऱ्या बायांच्या हातातलं काम आधी पाण्याच्या चक्रानं नेलं, मग वाफेनं, मग विजेनं. सांगताना मला लई जोर चढला होता. सगळं सांगितलं, पण गंगम्माचं हे वाक्य माझ्या भाषणात नव्हतं.

कलम तीन. मामांनी माझ्या वाढदिवसाला दिलेलं वाफेच्या इंजिनांचं जाड इंग्रजी पुस्तक इंदूला. ती म्हणते तिला इंग्रजी येत नाही. चित्रं बघ, इंदू. त्यातल्या एका चित्रात सेफ्टी वालव आहे. त्या पानात मी मोराचं पीस घालून ठेवलंय. तेच चित्र आता साक्षीदारांसमोर उघडून धर.

बाबा, शिवप्पा, हे बघा. बॉयलरच्या माथ्यावर एक भोक. भोकावर पितळी झाकण. झाकणावर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला लोखंडी गोळा. आत वाफेचा जोर हद्दीबाहेर गेला की झाकण आपोआप उचलतं, जादा वाफ शिट्टी मारत निघून जाते, गोळा पुन्हा खाली बसतो. माणसाला झोप लागो, माणूस तंबाखू मळत बसो, हे झाकण जागं राहतं. वाफेच्या सगळ्या युगात माणसाला सुचलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट, असं मला वाटतं. यंत्राला ताकद देणं सोपं आहे. बस म्हणायची अक्कल देणं अवघड.

आपल्याकडं त्या गोळ्याला आई म्हणतात. ती गोल आहे, उंचावर आहे, आणि रागावली की बोलते. दर खंडेनवमीला हत्यारं-यंत्रं पुजताना तिला माहूरच्या देवीच्या तांदळ्यासारखा शेंदूर चढवतात. पणजोबांपासून. गोळ्यापुरता चढवला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण दरसाली हात सढळ. शेंदूर गोळ्यावरून दांडीवर उतरला, दांडीवरून खिळीत, खिळीतून झाकणाच्या फटीत. आणि तो कालवायचा जवसाच्या तेलात, कारण शेजारीच जवसाचा घाणा. देवळात तिळाचं तेल वापरतात, खोबऱ्याचं वापरतात, ते ओलसर राहतं. जवसाचं तेल वाळून दगड होतं. बॉयलरचे फिटर सांध्यातून वाफ गळू नये म्हणून काय लावतात, मालूम आहे? पुस्तकात दोन्ही नावं आहेत. शेंदूर आणि जवसाचं तेल. तेच. आपण भक्तीनं दरसाली त्या भोकाला लांबी भरून राहिलो, बाबा.

विलायतेतही पहिल्या दिवसांत बॉयलर फुटत होते. माणसं वालवावर जादा वजन टांगायची, विटा ठेवायची, कारण शिट्टी झाली की काम खोळंबतं. तेव्हा त्यांनी वालवाला पेटी करून कुलूप घातलं, कोणी हात लावू नये म्हणून. आपण कुलूप घातलं नाही. आपण देवी केली. हात लावायची बंदी दोन्हीकडं झाली.

कलम चार. पहिल्या बॉयलरचं काय झालं, ते यात असावं, कारण गावात वेगळंच सांगून राहिले.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर मी शिडीवर चढून जिनच्या बॉयलरचा गोळा उचलायला गेले. हलला नाही. बाबा खालून म्हणाले, "बक्षीस मिळालं म्हणून देवीची परीक्षा घेते का?" सगळे हसले. शिवप्पा हसला नाही. त्यानं डोळे मिटून आपल्या कानाला हात लावले.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी हंगामाचा पहिला कापूस आला. दुपारी मी शेडच्या दारात उभी होते. वाफेचा जोर दाखवणाऱ्या काट्याकडं बघितलं तर काटा लाल रेघेच्या पार, आणि वर शिट्टीचा पत्ता नाही. मी ओरडले, "माणिकप्पा, भट्टी ओढा! विस्तव बाहेर ओढा!"

तो फावडं टेकून हसला. "अक्का, भिऊ नगा. आई बसली हाय वर. जास्त झालं की ती बोलतीच की."

त्याचा भरवसा चुकीचा नव्हता. तिचं कामच ते होतं. तिचं तोंड आपण बंद केलं होतं.

मग पत्र्याची शिवण फाटली. माणिकप्पा जागीच गेला. मी दारात होते म्हणून हे बोलून राहिले.

आता लोक म्हणतात, सवाष्णही नव्हे अशा पोरीनं आईला हात लावला, म्हणून आई कोपली. शिवप्पा, तूही तेच म्हणतोस. तुझा भाऊ गेला, तुला म्हणायचा हक्क आहे. मी रागावले नाही. पण उद्या आईची समजूत काढायला म्हणून तुम्ही दुसऱ्या बॉयलरवर दुप्पट शेंदूर चढवणार, असं इंदूनं ऐकलंय. आणि काट्यासमोर तू उभा राहणार. गंगम्माला दोनच मुलगे होते.

कलम पाच. मामांनी दिलेला विजेचा बल्ब आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं मामांनाच परत. बल्ब अजून पेटवलेला नाही. गावातल्या मोठ्या कापडमिलीत वीज आली, तिथं रात्रीचा दिवस होतो असं ऐकून होते, मला आमच्या शेडमध्ये तो लावायचा होता. मामा, लातूरच्या तुमच्या तेलगिरणीत तुम्ही ऑइल इंजिन बसवलं तेव्हा म्हणाला होता, "आता बॉयलरचं युग संपलं बघ, प्रभा." नाही संपत, मामा. आमच्या एकाच आवारात रेचा आहे, वाफ आहे, तुमचं इंजिन उद्या येईल, परवा वीज. एक युग दुसऱ्याला घरातून काढून देत नाही, नुसतं ओसरीवर बसवतं. पुढं अशीही यंत्रं निघतील जी स्वतःचा काटा स्वतः वाचतील. मला ती बघायची होती. लई बघायची होती. तेव्हाही खंडेनवमी येईल, आणि त्यांच्याही नेमक्या नाकावर कोणीतरी मनापासून शेंदूर लावेल. मला त्याची तक्रार नाही. यंत्राची पूजा करणारी माणसं मला यंत्राला लाथ मारणाऱ्यांपेक्षा आवडतात. फक्त नाक सोडा.

कलम सहा. आईचे सगळे दागिने इंदूला. पण शर्त आहे. दुसऱ्या बॉयलरचा वालव उद्याच्या आधी मोकळा झाला तर. नाही झाला तर ते मोडून मामांनी नवा वालव आणवावा, आणि नव्यासोबत नवा फायरमनही बघावा, कारण तेव्हा शिवप्पा नसेल.

इंदू इथं लिहायची थांबली आणि म्हणाली, "मला नकोत दागिने." लिही, इंदू. तेही लिही.

कलम सात. हे बाबांसाठी. शेडमध्ये कापसाचे ढीग पडलेत, गाड्या दारात उभ्या आहेत, हैदराबादेहून बॉयलर तपासणारे साहेब येतील तेव्हा येतील, हे सगळं मला कळतं. तुम्ही वाईट नाही. तुम्ही घाईत आहात. पण तो वालव तसाच ठेवून उद्या भट्टी पेटवली, तर माझ्या सरणाला तुम्ही अग्नी देऊ नये. ज्याच्या हुकमानं ती पेटली त्याच्या हातानं मला पेटवू नये. मामांना बोलवा. मामा वेळेत आले नाहीत तर मला तशीच ठेवा.

कलम आठ. मी आजपर्यंत "खरवडून काढा" म्हणत आले. चार दिवसांपूर्वी तापात माझ्या डोक्यात दुसरंच आलं. देवळातली मूर्ती वर्षानुवर्षं शेंदूर घेते आणि एक दिवस तो सगळा थर आपोआप गळून पडतो. आपण म्हणतो देवानं कवच उतरवलं. त्याला कोणी अपशकुन म्हणत नाही. वाजतगाजत नेऊन ते गोदावरीत सोडतात, आणि आतली मूर्ती नव्यानं बघायला गाव लोटतं. आमच्या आईला मात्र भट्टीच्या धगीनं कवच उतरवता येत नाही, ते आणखीच भाजून घट्ट होतं. तिला श्वास घ्यायचा आहे. तिचं कवच माणसानं उतरवून द्यावं, हळद-कुंकू वाहून, माफी मागून, आणि नदीत सोडावं. हीच माझी शेवटची इच्छा समजावी. मी मेले नसले तरी समजावी.

आणि माझं खोटं वाटत असेल तर एकच करा. बॉयलर आज थंड आहे. शिवप्पानं वर चढून दांडी हातानं उचलून बघावी. उचलली गेली तर मी खोटी. हा कागद फाडा, हवा तेवढा शेंदूर लावा, मी पुन्हा बोलणार नाही.

मृत्युपत्र इथं संपलं. यापुढचं अक्काच्या सांगण्यावरून मी, इंदूनं, वाचनाच्या वेळी जे झालं ते लिहिलं आहे.

वाचन दुपारी सुरू केलं. बाबा खुर्चीवर, शिवप्पा उंबऱ्याबाहेर. आत ये म्हटलं तरी आला नाही. सातवं कलम वाचताना बाबा उठून खिडकीकडं गेले आणि पाठ करून उभे राहिले. आठवं मी वाचत होते, तेवढ्यात शिवप्पा म्हणाला, "कवच उतरवायचं म्हनता व्हय?"

अक्का म्हणाली, "हो."

"मंग आधीच तसं का न्हाई म्हनला, अक्का? तुमी खरवडा, खरवडा करून ऱ्हायला. आईला खरवडत असतात का कुनी? भांडं हाय का ते?"

अक्काला हसू आलं. हसल्यावर दुखलं.

शेवटची ओळ वाचली आणि वर बघते तर उंबऱ्यात शिवप्पा नाही. बाबा म्हणाले, "गेला पळून. अंगठा द्यायला भ्याला." अक्का मला खिडकी उघडी ठेव म्हणाली. प्रेसची शेड इथून दिसत नाही, पण ऐकू येतं. बराच वेळ काही नाही. मग छिन्नीचा आवाज. एक घाव, थांबणं, एक घाव. मध्ये शिवप्पाचं मोठ्यानं देवीला काहीतरी बोलणं, अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या देगलूरकडचं. बाबांनी तोंड वळवलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. ते आवाज ऐकत खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मुनीम धावत आला, "मालक, शिवप्पा आईवर छिन्नी चालवून ऱ्हायला, थांबवू का?"

बाबा म्हणाले, "हळद-कुंकू घेऊन जा."

शिवप्पा परत आला तेव्हा पांढऱ्या धोतराच्या फडक्यात नारळाएवढा लाल तुकडा होता. कडेनं बघितलं तर थरावर थर, कांद्यासारखे. त्यानं तो खाली ठेवला नाही. छातीशी धरून म्हणाला, "दांडी उचलंना झाली. मी आख्खा लटकलो तिला. लटकलो, अक्का, पाय वर घिऊन. हालली न्हाई." मग फडक्याकडं बघत, "माणिकदादा खाली उभा व्हता, अन् ही अशीच असंल तवा."

बाबांनी विचारलं, "आता?"

"आता येका बोटानं उचलती."

बाबांनी पागोटं घातलं, हात पुढं केले, आणि ते फडकं त्याच्याकडून स्वतः घेतलं. नदीवर तेच नेणार आहेत. त्याआधी सही केली.

निशाणी करणार: चंद्रप्रभा बापूसाहेब हदगावकर. हाताला पट्ट्या असल्यामुळे टाक दातात धरून रेघ ओढली. रेघ तिरकी आहे, ती तिचीच आहे.

लेखनिक: इंदू बापूसाहेब हदगावकर.

साक्षीदार एक: बापूसाहेब हदगावकर, सही. सहीशेजारी त्यांनी आपल्या हातानं लिहिलं आहे, "पूर्ण ऐकलं. दांडी मी उचलून बघेन, मगच पेटवायचा हुकूम."

साक्षीदार दोन: शिवप्पा, फायरमन, राहणार मूळ देगलूर, हल्ली नांदेड. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शाईची डबी पुढं केली तर नको म्हणाला. फडक्यातला शेंदराचा चुरा तळहातावर घेतला, दिव्याजवळच्या वाटीतलं तेल त्यात घातलं आणि अंगठा भिजवला. अक्कानं खाटेवरून विचारलं, "कुठलं तेल, शिवप्पा?"

"खोबऱ्याचं, अक्का. जवसाचं न्हाई."

ठिकाण नांदेड. कार्तिक शुद्ध चतुर्थी, शके १८६८, माहे आजूर, सन १३५६ फसली.

सूचना: साक्षीदार दोनचा ठसा वाळणारा नाही. कागदाची घडी घालू नये.